पांढरा चेंडू कोणी टाकायचा?

ये, अशी जवळ ये. उंबऱ्यात उभं राहून बोलणाऱ्या माणसाशी मला नाही बोलता येत. खुर्ची ओढ, पंख्याखाली बस. आणि चहा येईपर्यंत चार शब्द ऐकून घे, राग मानू नको. मागच्या वेळी आली होतीस तेव्हा माझ्या नातीच्या डोक्यावरून हात फिरवलास आणि तिच्या देखत मला विचारलंस, "इले चहा चालते का वो?" अगं, ती समोर बसलेली होती! सोळा वर्षांची पोरगी. तिला विचारायचं. तिला चहा चालतो, आलं जास्त, साखर कमी. हे सांगायला तिला तुझ्यामाझ्यापेक्षा थोडा जास्त वेळ लागतो. तेवढा वेळ थांबायचं, बस.

तुला एकटीला नाही बोलत मी. सगळेच असं करतात, म्हणून तर हे बोलल्यासारखं लिहायला बसले. माझी शाळा चौथीपर्यंतची. पुढचं सगळं किराण्याच्या पुड्यांचे कागद आणि नातवंडांची पुस्तकं वाचून शिकले, तेव्हा शुद्धलेखन तपासू नको.

जन्माच्या वेळी नातीच्या मेंदूला इजा झाली. सेरेब्रल पाल्सी म्हणतात डॉक्टर. डोकं तल्लख आहे, डोळे तर माझ्यापेक्षा तेज, पण हातपाय तिचं ऐकत नाहीत. उजवा हात पुढं न्यायचा ठरवला तर तो आधी मागं जातो, मग वर, मग कधीतरी पुढं. शब्दही तसेच, अडत अडत येतात. चाकाच्या खुर्चीत असते. आणि ती खुर्ची कुठं लावायची हे दुसरेच ठरवतात. लग्नात गेलो की कोणी म्हणतं पंख्याखाली करा, कोणी म्हणतं वाटेत येते, भिंतीकडं सरकवा. एकदा तर आख्खं लग्न तिनं खांबाला तोंड करून काढलं, कारण मी वाढायला गेले होते आणि कोणीतरी मदत म्हणून खुर्ची फिरवून गेलं होतं. मदत!

अशा पोरीच्या आयुष्यात तो पांढरा चेंडू आला.

खेळाचं नाव बोचिया. नाव ऐकून आमच्या गल्लीतली पोरं आधी हसली. हसू दे. आमच्या मोताळ्याला व्यायाम शिकवणाऱ्या एक बाई येतात, तरुण आहेत, त्यांनी हा खेळ आणला. खेळ बसून खेळायचा. एकाचे सहा चेंडू लाल, दुसऱ्याचे सहा निळे, आणि एकच पांढरा. पांढरा आधी टाकायचा. मग ज्याचे चेंडू पांढऱ्याच्या जास्त जवळ, त्याला गुण. एवढंच. पण खरी गंमत पुढं आहे. पांढरा चेंडू कुठं टाकायचा, हे खेळणाऱ्यानं ठरवायचं. एका डावात एकानं, पुढच्या डावात दुसऱ्यानं. जमिनीवर एक रेघ असते, मधोमध खेळणाऱ्याच्या दिशेनं टोक काढलेली. पांढरा तिच्यापलीकडं गेला पाहिजे. मग जवळ असो, दूर असो, कोपऱ्यात असो, तुझी मर्जी. सगळ्यांनी मग तुझ्या चेंडूच्या मागं यायचं.

बाईंनी हे समजावलं तेव्हा नातीनं विचारलं, "मी... म्हणन... तिथं?"

"हाव. तू म्हणशीन तिथं," बाई म्हणाल्या.

त्या दिवसापासून पोरगी त्या चेंडूच्या मागं लागली.

तिला हातानं फेकता येत नाही. अशा खेळाडूंना उतरती घसरण वापरू देतात. विकतची घसरण फार महाग, म्हणून माझ्या पोरानं, तिच्या बापानं, शेतातला पाण्याचा चार इंची पाइप उभा चिरला, लोखंडी घोडीवर तिरपा बसवला, झाली घसरण. चेंडू वर धरला की लांब जातो, खाली धरला की जवळ पडतो. धरायचा मी. पण सोडायचा तिनं, आपल्या हाताच्या पाठीनं. आणि नियम असा, बाप्पा, की मदत करणाऱ्यानं मैदानाकडं पाठ करून बसायचं. मागं वळून पाहायचं नाही, सुचवायचं नाही, बोलायचं नाही. मी! न बोलता! माझा पोरगा म्हणतो, "मा, तुले पदक भेटाले पाह्यजे, एवढा वेळ तोंड बंद ठेवलं म्हणून."

मैदान मला दिसत नाही, तिचा चेहरा दिसतो. तिनं डावीकडं पाहिलं की पाइप डावीकडं. वर पाहिलं की चेंडू वर, खाली पाहिलं की खाली. जागा बरोबर झाली की "हं" म्हणते. त्या "हं"साठी कधी कधी इतका वेळ लागतो की माझी कंबर धरते. पण तो वेळ तिचा असतो.

आमच्या मागच्या ओट्यावर शहाबादी फरशी आहे, तिथं रोज सराव. शेजारी गादीवाले चाचा आहेत, त्यांनी रेक्झीनचे चेंडू शिवून दिले, आत सरकी भरून. एक उंदरांनी फोडला. चाचांनी पुन्हा शिवला आणि म्हणाले, "बेटी, ये बाकी सब ठीक है, पण दिवसभर पांढराच काऊन टाकते? खेळ तर त्याच्यानंतर चालू होते ना?"

नात म्हणाली, "नाही... चाचा. तिथूनच... चालू."

तिचं गणित मला हळूहळू कळलं. आमचा पाइप आखूड. लांबचा चेंडू तिला जमत नाही. म्हणून तिनं एक जागा शोधून काढली: डाव्या बाजूला, रेघेच्या जरासं पलीकडं. पांढरा तिथं पडला की तिचे लाल चेंडू हळूच घरंगळत जाऊन त्याला टेकतात, समोर भिंत उभी करतात. जोरात फेकणारा आला तर त्याचा चेंडू पुढं निघून जातो. पण पांढरा रेघेच्या अलीकडं राहिला तर वाया, आणि हातभर पुढं गेला तर तिच्याच अडचणीचा. मधली जागा ताटलीएवढी. त्या ताटलीत चेंडू थांबवायला तिनं पावसाळा घालवला, हिवाळा घालवला.

मग नांदुऱ्याला स्पर्धा भरली. कोणी भरवली ते नाही लिहीत. नाव छापलं तर त्याचाही सत्कार करून घेतील.

स्पर्धा होती मंगल कार्यालयात. फरशी गुळगुळीत, म्हणून जागा चांगली. चिकटपट्ट्या लावून मैदान आखलेलं. पण बाकी सगळा थाट लग्नाचा. खुर्च्यांना पांढरे झगे, स्टेजवर सोफे, मागं मोठं बॅनर. बॅनरवर पाहुण्यांचे फोटो, पोरांचा एकही नाही. पोरांना सकाळीच बोलावून ओळीनं बसवलं होतं, डोक्यावर एकसारख्या टोप्या घालून. संडासाला दोन पायऱ्या. खुर्चीवाल्या पोरांची स्पर्धा आणि संडासाला पायऱ्या! प्रत्येक वेळी कोणाच्या तरी बापानं पोराला उचलून न्यायचं. पाहुणे यायचे तेव्हा आले. मग दिवा, नारळ, हार, शाली, भाषणं. "ही देवाची लेकरं आहेत," असं एक जण म्हणाले. माझी नात माझ्याकडं बघून पुटपुटली, "मी... पप्पांची." मी पदर तोंडाला लावला.

पहिलाच सामना तिचा होता, मलकापूरकडच्या एका पोराशी. तिच्याच वयाचा, हातानं चेंडू टाकणारा. नियमानं घसरणवाले वेगळे आणि हातवाले वेगळे, पण आपल्याकडं खेळणारी पोरंच थोडी, म्हणून एकत्र खेळवतात. त्याबद्दल माझी तक्रार नाही. पोराचा एक हात वाकडा, पण दुसऱ्यात चांगली ताकद होती, आणि जीभ तर अगदी धारदार. आल्या आल्या नातीला म्हणाला, "तू त्या पाइपनं शेत ओलते का चेंडू टाकते?"

नात म्हणाली, "दोन्ही."

पहिल्या डावाचा पांढरा चेंडू तिचा होता. मी पाठ करून बसले, घसरण लावली, तिच्या चेहऱ्याकडं पाहिलं. डोळे डावीकडं गेलेच होते. तेवढ्यात माईकवर आवाज आला. आयोजकांचा. "आता आपल्या प्रमुख पाहुण्यांच्या शुभहस्ते पांढरा चेंडू टाकून स्पर्धेचं उद्घाटन होत आहे! जोरदार टाळ्या!"

बरं, मी म्हटलं, नारळ फोडला तसा एक चेंडूही टाकू दे. फोटो निघेल, चेंडू परत येईल. माझ्या मागं मला बूट वाजलेले ऐकू आले, मग चेंडू घरंगळला. घरंगळत गेला, गेला, गेला. थेट मागच्या टोकापर्यंत गेला असणार. टाळ्या. फोटोवाल्यानं साहेबांना पुन्हा हात पुढं करायला लावला. मी वाट पाहतेय, आता चेंडू आणून देतील.

आयोजक म्हणाले, "चला, करा सुरू."

आमच्या बाई धावत गेल्या. "सर, तो चेंडू परत द्या ना. तो खेळाडूनं टाकायचा असतो."

"मॅडम," आयोजक म्हणाले, "साहेबांच्या हातचा चेंडू उचलून परत आणायचा? बरं दिसते का?"

आता तूच सांग. नारळ पाहुण्याच्या हातून फोडतात, फीत पाहुण्याच्या हातून कापतात, तशी त्यांनी त्या पोरीची मर्जीही पाहुण्याच्या हातून कापून टाकली. आणि वर बरं दिसतं का, हे आम्हाला विचारतात!

नातीनं वर पाहिलं. मी चेंडू पाइपवर वर सरकवला. ती वरच पाहत होती. आणखी वर नेला. तरी वर. शेवटी पाइपचं टोक आलं. ती अजून वर पाहत होती आणि वर काही नव्हतं. माझ्या हातात चेंडू, मला बोलायची बंदी. तिनं थोडा वेळ माझ्या तोंडाकडं पाहिलं, मग सोडला.

चेंडू अर्ध्यात थांबला. मला आवाजावरून कळलं. आणि सगळ्या हॉलनं टाळ्या वाजवल्या. "वा बेटा! शाब्बास!" पुढचाही अर्ध्यात. पुन्हा टाळ्या. सहाच्या सहा चेंडू पोचले नाहीत आणि सहाही वेळा टाळ्या पडल्या. तुला सांगते, शिव्या परवडल्या असत्या. कोणी म्हणालं असतं, "काय खेळते वो ही, एकही जवळ नाही," तर मला बरं वाटलं असतं. निदान त्या माणसानं खेळ पाहिला असता. हे कोणी खेळ पाहतच नव्हतं.

डाव संपला. माईक म्हणाला, "दुसरा चेंडू आपल्या वहिनीसाहेबांच्या शुभहस्ते!" तेव्हा कळलं की स्टेजवरच्या सोफ्यातल्या एकेकाला एकेक पांढरा चेंडू वाटून दिलेला आहे, कोणाचा मान राहून जायला नको म्हणून. सगळ्यांचा मान मोजला होता. खेळणाऱ्यांचा तेवढा राहून गेला होता.

नात जोरात म्हणाली, "नाही."

ती पुढचा शब्द काढायला लागली. मान ताणली गेली, हात वर गेला. "पां...ढरा..." आणि तेवढ्यात त्या माणसानं माईक तोंडाजवळ नेला आणि हसत हसत म्हणाला, "आपली कन्या म्हणते आहे, मान्यवर आले, खूप आनंद झाला!"

तिचं वाक्य संपलं नव्हतं. तोंड उघडं होतं तिचं. आणि त्या उघड्या तोंडात यानं आपले शब्द कोंबले.

मग मी वळले. डाव संपला होता, तेव्हा वळायला परवानगी होती. नसती तरी वळले असते. म्हटलं, "आनंद नाही झाला तिले. नाही म्हणून राह्यली ते. नाही! तिचं बोलणं संपू द्या!"

"आजी, तुम्ही शांत राहा. तिले समजावून सांगा."

"मी काऊन सांगू? तिले सांगा. कान शाबूत आहे तिचे."

सगळे थांबले. आणि तिनं तिच्या वेळात, एकेक शब्द करत, वाक्य पूर्ण केलं. "पांढरा... आम्ही... टाकतो."

तेवढ्यात तिकडून तो पोरगा बोलला. एक लक्षात घे, पहिल्या डावाचे गुण त्यालाच मिळाले होते, गप्प बसला असता तर जिंकला असता. पण तो म्हणाला, "आता पाळी माही आहे सर. माहा चेंडू वहिनीसाहेब काऊन टाकून राह्यल्या? त्यायले खेळाचं असन तर खुर्चीत बसवा, इचारा लाल घेता का निळे!"

मागच्या रांगेतले आईबाप हसले. वहिनीसाहेब चेंडू हातात घेऊन उभ्या होत्या. त्यांनी चेंडू खुर्चीवर ठेवला आणि त्या जाऊन बसल्या. त्यांचा मला राग नाही. पण आयोजकांनी घड्याळ पाहिलं. पाहुण्यांना दुसरीकडं जायचं होतं. म्हणाले, "वाद कशाला? इथं कोणी हरत नाही, सगळीच लेकरं विजेती!" आणि सगळ्या सामन्यांवर पाणी सोडून त्यांनी पदकं आणि डबे वाटायला घेतले.

विजेती! अरे, हरू तर द्या! हरायला आधी खेळायला लागतं ना?

नातीच्या गळ्यात पदक घालायला कोणी आलं. तिची मान एरवी तिच्या ऐकण्यातली नसते, पण त्या दिवशी बरोबर ऐकली, वाकलीच नाही. शेवटी त्यांनी पदक माझ्या हातात दिलं. मी काय खेळले होते?

पाहुणे गेले, त्यांच्यामागं आयोजक गेले, फोटोवाला गेला. झगे घातलेल्या खुर्च्या उचलायला माणसं आली, संध्याकाळी हळदीचा कार्यक्रम होता. चिकटपट्ट्या अजून फरशीवर होत्या. तो पोरगा आपल्या खुर्चीची चाकं ढकलत आला. "काय वं पाइपवाली, खेळतं का आता? का पदक भेटलं म्हणून चालली घरी?"

बाईंनी हॉलच्या मॅनेजरला विचारलं. तो म्हणाला, मांडववाले येईपर्यंत खेळा, फक्त हळदीच्या पाटाकडं चेंडू जाऊ देऊ नका.

मी पुन्हा पाठ करून बसले. पांढरा चेंडू पाइपवर ठेवला. तिनं डावीकडं पाहिलं. खाली. आणखी खाली. थोडं उजवीकडं, पुन्हा डावीकडं. कामाची माणसं खुर्च्या घेऊन उभी राहिली, बघायला. कोणी घाई केली नाही. "हं." तिनं हात काढला. चेंडू थोडासा घरंगळला आणि थांबला. बाई वाकून म्हणाल्या, "रेघेच्या बोटभर पुढं!"

पोरगा ओरडला, "अरे बाप्पा! एवढ्या जवळ टाकतात का बे कोणी? आता माहा चेंडू तर वरून उडून जाईन!"

उडून गेलाच. तो डाव तिनं घेतला. मी मैदान पाहिलं नाही, पण तिच्या तोंडावर जे होतं ते पाहायला मी एकटीच समोर होते. कोणाला सांगितलं नाही अजून. तू घरचीच म्हणून सांगते, असं तोंड मी तिचं आधी पाहिलं नव्हतं.

मग त्याची पाळी. त्यानं पांढरा कुठं टाकला असेल? थेट मागच्या कोपऱ्यात. साहेबांनी टाकला होता जवळपास तिथंच. नातीनं वर पाहिलं, आणखी वर, पाइप संपला. पण या वेळी ती हसली आणि त्याला म्हणाली, "चालू... आहेस." कारण आता तो डाव होता. समोरच्यानं तिच्याकडं पाहिलं होतं, तिचा पाइप आखूड आहे हे हेरलं होतं, आणि तिला हरवायला तो चेंडू तिथं टाकला होता. जागा तीच. एकानं टाकला तेव्हा अपमान, दुसऱ्यानं टाकला तेव्हा मान. हा फरक त्या माईकवाल्याला कधी कळणार देव जाणे.

ती हरली. एका गुणानं. शेवटच्या डावात पुन्हा त्याचाच पांढरा होता, पुन्हा तोच कोपरा. कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. खुर्च्यावाला एक माणूस म्हणाला, "अरेरे, थोडक्यात गेला वो." आणि माझी नात चिडली! लालबुंद झाली. टेम्पोत बसून घरी निघालो. मोताळ्याचा फाटा आला तेव्हा बापाला म्हणाली, "पप्पा... पाइप... लांब पाह्यजे."

आता लांब पाइप बसवलाय. चाचांनी नवे चेंडू शिवलेत, या वेळी उंदीर लागू नये म्हणून आत बारीक वाळू. ती दूरचा कोपरा शिकतेय, आणि जवळची ताटली सोडलेली नाही.

परवा आयोजकांचा फोन आला होता. यंदाही स्पर्धा आहे, यंदा आणखी मोठे पाहुणे आहेत. बाईंनी सांगितलं, पोरं येतील, पण पांढरा चेंडू खेळणाराच टाकेल, नाहीतर येत नाही. ते म्हणाले, "बघू." बघू! बघण्यासारखं काय आहे त्यात? शाल तुमची, नारळ तुमचा, माईक तुमचा, बॅनर तुमचं. त्या एवढ्याशा चेंडूवर तरी हात ठेवू नका. यंदाही कोणी सोफ्यातून उठलं, तर मी पहिल्यापासूनच मैदानाकडं तोंड करून बसणार आहे, मग मला बाद करा खुशाल.

बघ, बोलता बोलता चहा गार झाला. दुसरा टाकते. तो पोरगा रविवारी येणार आहे, बदला घ्यायचाय म्हणे पोरीला. आमच्या ओट्यावर खेळणार आहेत, पाहुणे नाहीत, शाली नाहीत. तू पण ये. असं पुन्हा वर्ष लावू नको, लवकर ये. जिन्याजवळची जागा तुझी, तिथून सगळं दिसतं. आणि येशील तेव्हा पांढरा चेंडू उचलून कौतुकानं हातात घेऊ नको. तिला विचार, कुठं टाकतेस. आणि मग थांब.